आहेस का गं?

२ फेब्रुवारी

पोहोचले एकदाची. ट्रंक, वळकटी, पुस्तकांची पिशवी आणि मी असे चौघे बसमधून उतरलो. त्यातली फक्त पिशवी फाटली, म्हणजे प्रवास चांगलाच झाला म्हणायचा.

खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. एक खिडकी, एक टेबल, एक खुर्ची, भिंतीला आरसा. दार उघडलं की मागच्या भिंतीला जाऊन टेकतं आणि रात्रंदिवस तसंच राहतं, कारण खोलीला वारा तिथूनच मिळतो. खिडकीतून समोरच्या घराचं निळं दार दिसतं. काय निळं आहे! वर पितळी कडी, इतकी घासलेली की इथून चमकते. दर वेळी मान वर केली की ते दार दिसणार, या एका गोष्टीवरच मी खोलीला हो म्हटलं.

मालकीणबाई खाली राहतात. तिशीच्या आहेत, पण जिन्यात उभ्या राहून बोलायची हौस साठीच्या बाईसारखी. मला पहिल्याच भेटीत मावशी करून टाकलं. जिन्याच्या वळणावर मोठं गोल घड्याळ आहे. ते दहा मिनिटं पुढे आहे आणि तसंच ठेवायचं, असा त्यांच्या सासऱ्यांचा दंडक. सासरे जाऊन सात वर्षं झाली, दहा मिनिटं अजून पुढेच आहेत.

काम दोन गल्ल्या सोडून, एका फोटो स्टुडिओत. प्रिंट कापायच्या, आणि प्रिंटवर धुळीचे पांढरे ठिपके राहतात ते बारीक कुंचल्याने रंग लावून बुजवायचे. मास्तर पासष्टीचे आहेत. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून सांगतात, हनुवटी खाली, जीव वर. मला म्हणाले, बाई, तुमचा हात स्थिर आहे. मी म्हटलं, आता हलायला काही उरलंच नाही. ते हसले नाहीत. बरं वाटलं.

लेकीचं पत्र माझ्या आधी येऊन पडलं होतं. नात महिन्याची झाली. लेक तिला ठमाकाकू म्हणते, कारण पोर सगळ्यांकडे कपाळाला आठ्या घालून बघते. मी अजून तिला पाहिलेलं नाही. दहा मार्चला घेऊन येणार. लिहिलंय, आई, आता स्टुडिओत लागलीस ना, मग हिचा पहिला नीट फोटो तूच काढायचास. तोवर मी कुणालाही काढू देणार नाही.

म्हणजे माझ्या हातात पाच आठवडे आहेत.

४ फेब्रुवारी

मास्तरांना फोटो शिकवाल का म्हणून विचारलं. त्यांनी एकच अट घातली. रोज एक फोटो. दोन नाही, अर्धा नाही. आणि जे रोज डोळ्यांसमोर आहे त्याचाच. लोक डोंगराचे फोटो काढायला धावतात आणि घरातली किटली त्यांना कधी दिसलेली नसते, असं त्यांचं म्हणणं. कशाचा काढला, कुठून, किती वाजता, सगळं वहीत लिहायचं. ही रोजनिशी मी तशीही लिहितेच.

कॅमेरा आहे माझ्याकडे. आमच्या ह्यांचा. बारा वर्षांपूर्वी जुन्या बाजारातून हौसेने आणला, एक-दोन दिवस मिरवला आणि मग मफलरीत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवला. बिघडलाय, हात लावू नकोस, म्हणाले. हे जाऊन दीड वर्ष झालं. मफलर मी आज पहिल्यांदा सोडली. वासाचं काही लिहीत नाही.

मास्तरांनी कॅमेरा हातात घेतला तो थेट डोळ्याला लावला. कॅमेरा मिळाला की माणूस आधी तेच करतो. काउंटरवर स्वतःचा चष्मा पडला होता, त्यावर रोखून खट् केलं. आत रोलही नव्हता. म्हणाले, बाई, हा बिघडलाय कुणी सांगितलं? घड्याळासारखा चालतोय.

म्हणजे हे खोटं बोलले. एवढ्याशा गोष्टीसाठी का, कळत नाही. तसे ते त्या वर्षापासून बदललेच होते. स्वयंपाकघरातल्या स्टुलाला रोज अडखळायचे. रोज! मी म्हणायचे, डोळे काय कपाटात ठेवलेत का? आणि मी समोर उभी असले तरी विचारायचे, आहेस का गं? पहिल्या वेळी हसले. नंतर राग यायचा. मी एकदा केस कानापर्यंत कापून आले, तर आठ दिवस माणसाच्या लक्षात नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की बायको भिंतीसारखी होते, अशी मी मनाची समजूत घातली. ती अजून बोचते.

५ फेब्रुवारी

फोटो पहिला. समोरचं निळं दार. खिडकीतून, सकाळी सव्वाआठला. ऊन कडीवर आलं तेव्हा दाबला.

६ फेब्रुवारी

फोटो दुसरा. किटली. मास्तरांचा मान ठेवला.

आज ते दिवसभर चष्मा शोधत होते. चष्मा काउंटरवर, त्यांच्या कोपराशी. उचलून हातात दिला तर दचकले.

७ फेब्रुवारी

फोटो तिसरा. जिन्यातलं घड्याळ. मालकीणबाईंनी आधी काच पुसून दिली, मग म्हणाल्या, बघा हं मावशी, फोटोतही दहा मिनिटं पुढेच आलं पाहिजे.

८ फेब्रुवारी

फोटो चौथा. जिन्यातलं करडं मांजर. चौथ्या पायरीवर बसतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडून जकात घेतल्यासारखं बघतं. हललं नाही, गुणी आहे.

९ फेब्रुवारी

फोटो पाचवा. कोपऱ्यावरचा किल्लीवाला. हे माझं पहिलं माणूस. फोटो म्हटल्यावर त्याने खिशातून कंगवा काढून मिशीला फिरवला. म्हणाला, मावशी, चोरांना दाखवू नका, माझा धंदा बसेल. रोज जाता-येता तो काहीतरी बोलतो आणि मी काहीतरी उत्तर देते. या गावातलं माझं बोलणं म्हणजे एवढंच. पण पुरतं.

१२ फेब्रुवारी

आठवड्याच्या प्रिंट निघाल्या. मास्तर बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, चाळीस वर्षांत असं शिकाऊ काम पाहिलं नाही. दार असं दिसतंय की हात लावला तर रंग बोटाला लागेल. वस्तू उचलून कागदात ठेवली आहे तुम्ही. मला लाजल्यासारखं झालं. फार दिवसांनी झालं.

आता दुसरा नियम सांगितला. प्रिंट हातात घेऊन, जिथून फोटो काढला त्याच जागी जाऊन उभं राहायचं. एकदा प्रिंट बघायची, एकदा जागा. प्रिंटमध्ये काय आलं नाही ते शोधायचं. त्यातून नजर तयार होते.

पाच-सहा दिवस किटली सापडत नाहीये. पातेल्यात चहा करते.

१४ फेब्रुवारी

प्रिंट घेऊन खिडकीत उभी राहिले. प्रिंटमध्ये निळं दार. समोर भिंत.

मी चुकीच्या खिडकीत आहे असं वाटलं. खोलीला खिडकी एकच आहे.

त्या लोकांनी दार बुजवलं असेल. मालकीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, कुठलं दार? ते होय? आहे की. आणि ताजी कोथिंबीर आली आहे का बघायला निघून गेल्या. आपलं लक्ष नसतं हल्ली, हे मला माहीत आहे. ह्यांच्यानंतर मी एकदा चपला न घालता बाजारात गेले होते. तसंच काहीतरी असेल.

१६ फेब्रुवारी

हात भाजला. चुलीवरून उकळतं पातेलं बाजूला ठेवायला गेले तर ते कशावर तरी आपटलं. काहीतरी धातूचं खाली पडलं, मोठ्याने, आणि मनगटावर पाणी आलं. फरशीवर पाणी पसरलेलं दिसत होतं. काय पडलं ते दिसत नव्हतं.

मालकीणबाई वर धावत आल्या. वाकल्या, मूठ वळली आणि रिकामी मूठ माझ्यापुढे धरून म्हणाल्या, मावशी, किटलीला पोचा आला बघा.

मी म्हटलं, ठेवा तिथे.

१७ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. शेवटची ओळसुद्धा वाचली, खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. डॉक्टर म्हणाले, आजी, तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. मी आजी आहे हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. चेहऱ्यावर दिसत असावं.

मास्तरांनी नवा चष्मा करून घेतला. जुना अजून काउंटरवर आहे. मी तो पुसून ठेवला.

फोटो तेरावा. खोलीतली खुर्ची.

१९ फेब्रुवारी

जिन्यात मालकीणबाईंनी किती वाजले विचारलं. मी म्हटलं, घड्याळ दुरुस्तीला दिलंत ना? त्यांनी मान वर केली. मग हळू आवाजात म्हणाल्या, मावशी, तुमच्या डोक्यावर टिकटिक करतंय की.

करत होतं. मला ऐकू येत होतं. भिंत कोरी होती.

चौथ्या पायरीवर पायाला काहीतरी मऊ घासून गेलं. मी खाली पाहिलं नाही.

खुर्चीत आज चाचपडून बसले.

२१ फेब्रुवारी

मास्तर सांगत होते, किल्लीवाला रुसलाय तुमच्यावर. म्हणतो, बाईंना फोटो काढला तसा भाव चढला, आता हाक मारली तरी नाक वर करून जातात.

मी म्हटलं, तो तर दहा दिवस जागेवर नाही.

मास्तर म्हणाले, बाई, आत्ता त्याच्याकडून येतोय मी.

संध्याकाळी मुद्दाम त्याच्या कोपऱ्यावरून आले. टपरी उघडी होती, चाकावर किल्ली फिरत होती, ठिणग्या उडत होत्या. चाकामागे कुणी नव्हतं. तिथून आवाज आला, काय मावशी, ओळख विसरलात का?

मी म्हटलं, नाही रे बाबा, घाईत आहे.

घाई कसली. घरी येऊन पलंगावर बसून राहिले.

२४ फेब्रुवारी

आज सुट्टी घेतली. वही उघडली, सगळ्या प्रिंट पलंगावर मांडल्या. वहीतल्या नोंदी एकेक करून वाचल्या आणि एकेक प्रिंट घेऊन त्या त्या जागी गेले. दार नाही. किटली नाही. घड्याळ, मांजर, किल्लीवाला, खुर्ची, कोपऱ्यावरची पत्रपेटी, खिडकीखालचं लिंबाचं झाड. फोटो काढलेलं काहीच नाही. न काढलेलं सगळं आहे.

शेवटी रस्ता ओलांडून समोरच्या भिंतीपाशी गेले आणि हात लावला. बोटांना लाकूड लागलं. मग थंड पितळ लागलं. कडी हलली, वाजली, आणि भिंतीतून एक बाई बाहेर आली. हातात झाडू. कोण पाहिजे म्हणाली.

मी म्हटलं, तुमचं दार फार छान आहे.

रंग नवाच आहे, ती म्हणाली.

घाबरले का? घाबरायला हवं होतं. घरी येऊन हे लिहायला बसले, एवढंच. वस्तू जागेवरच आहेत. लोकांना दिसतात. मला दिसत नाहीत. मी कॅमेऱ्याने जे टिपते ते माझ्यासाठी फक्त कागदावर उरतं. तेवढंच फार सुंदर.

२५ फेब्रुवारी

मास्तरांना सांगितलं. सगळं. त्यांच्या जुन्या चष्म्याबद्दलही. चष्मा त्यांच्या हातात ठेवला, बोटं त्याच्यावरून फिरवायला लावली. त्यांनी हात झटकून मागे घेतला. मग मायेने म्हणाले, बाई, माणूस गेलं की नजर कुठे कुठे जाते. दोन दिवस घरी राहा. मुलीला बोलावू का?

नको म्हटलं.

लेकीला हे कळलं तर ती काय म्हणेल ते मला ऐकू येतं. बोलणार काही नाही. पण ठमाकाकूला माझ्या मांडीवर देताना तिचा हात बाळाच्या पाठीखालून निघणार नाही.

२६ फेब्रुवारी

कॅमेऱ्याच्या कातडी पिशवीत, अस्तराच्या आत, निगेटिव्हची एक पट्टी सापडली. ह्यांच्या हातची गुंडाळी. तीनच फोटो. मास्तर जेवायला गेले तेव्हा मी स्वतः प्रिंट केले. डार्करूममध्ये ट्रेपाशी उभी राहिले. पाण्यातून पहिला फोटो वर आला.

स्टूल. स्वयंपाकघरातलं.

दुसरा, ह्यांच्या टेबलावरचा दिवा. तो दिवा ह्यांनी त्याच वर्षी वापरायचा सोडला. अंधुक उजेडात वाचत बसायचे. मी ओरडायचे.

तिसरा वर यायला वेळ लागला.

मी.

२७ फेब्रुवारी

मी बेचाळीस वर्षांची आहे. हात ओले आहेत. कुणीतरी काहीतरी बोललं आहे आणि मी हसून मागे वळले आहे. इतकं छान मला कुणी कधी पाहिलेलं नाही.

ह्यांना मी दहा वर्षं दिसत नव्हते.

म्हणून रस्त्यात माझं कोपर धरून चालायचे. बायका चिडवायच्या, काय बाई प्रेम. मी हात सोडवून घ्यायचे. म्हणून खिशात माझा फोटो. जेवताना काढून ताटाशेजारी ठेवायचे. मी म्हणायचे, अहो, मी समोर बसले आहे, कागदाकडे काय बघता? तेव्हा हसायचे. माझे केस पिकले ते त्यांना माहीतच नव्हतं.

शेवटच्या दिवशी तोंडाशी पाण्याचा पेला मीच धरला होता. म्हणाले, आहेस का गं? मी म्हटलं, आहे, जाणार कुठे. तो फोटो त्यांच्या खिशात होता, तो मी तसाच त्यांच्याबरोबर जाऊ दिला.

सांगायचं ना. एकदा सांगायचं. बिघडलाय म्हणाले.

रडू आलं नाही. ताट घासलं. पाणी भरून ठेवलं.

१ मार्च

ठमाकाकूचा फोटो मी काढणार नाही. हे एक पक्कं. मला ती बघायची आहे. ती रांगताना, पडताना, दात येताना, माझ्यावर ओरडताना. कागद नको मला.

पण लेकीला कारण काय सांगू? म्हणेल, आई, खात्री आहे का तुझी? मास्तरांसारखंच म्हणेल. आधी माझी मला पुरती खात्री पाहिजे. अजून एकदा, डोळ्यांदेखत. आणि ज्याच्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही अशा कशावर तरी. मग कॅमेरा हातोडीने फोडायचा.

३ मार्च

चूक केली.

दुपारी आरशासमोर उभी राहिले. कॅमेरा छातीशी धरला, आरशातल्या माझ्याच तोंडावर रोखला. म्हटलं, हे तोंड गेलं तर कुणाचं काय जातं. दाबला.

आरशात खोली होती. पलंग होता. मी नव्हते.

खाली पाहिलं. हात नाहीत. आणि हातात जे होतं तेही —

आरशात कॅमेराही होता. मी त्याचा विचारच केला नव्हता.

किंचाळले नाही. काहीतरी ठेवलं कुठेतरी. खोलीतून खाली गेले. बऱ्याच वेळाने परत आले.

आता लिहिते आहे. पेन एकटंच चाललंय.

४ मार्च

कॅमेरा सापडत नाही. कुठे ठेवला आठवत नाही.

पलंग, पलंगाखाली, टेबल, टेबलाचा खण, ट्रंक, चूल. सगळीकडे हात फिरवला. हात कुठे आहे तेही बघून कळत नाही. लागलं की कळतं.

कुणाला शोधायला बोलवायचं नाही. ज्याच्या हातात येईल तो आधी डोळ्याला लावील. सगळे तेच करतात.

५ मार्च

फरशी इंच इंच चाचपली. मांजर लागलं. गुरगुरलं. माफ कर म्हटलं.

जिना. प्रत्येक पायरी. मालकीणबाईंनी विचारलं, काय हरवलं मावशी? मी म्हटलं, सुई.

६ मार्च

नाही.

तार आली. दहाला नाही, आठलाच निघते. जावयाला सुट्टी मिळाली.

७ मार्च

नाही. खिडकीची चौकट, बाहेरची कडा, पाण्याची टाकी — नाही. खिडकीतून पडला असेल. पडला असेल तर बरं. फुटला असेल.

फुटला असेल.

९ मार्च

आल्या. काल संध्याकाळी. जावई सोडून परत गेला.

मला ती दिसते. दिसते! कपाळाला तीन आठ्या, डाव्या गालावर तीळ, मुठी घट्ट. माझ्याकडे बघून आणखी एक आठी घातली. लेक म्हणाली, बघ, पसंत नाहीस तू. मी किती वेळ बघत बसले. इतकं बघायचं असतं हे मला माहीत नव्हतं.

लेकीने माझा भांग नीट केला. म्हणाली, आई, आरशात बघत नाहीस का? हाताकडे काय सारखी बघतेस?

मग कॅमेऱ्याचं काढलं. फोटो कधी काढतेस. मी तोंड उघडलं. सगळं सांगायचंच होतं. तिचा हात बाळाच्या पाठीखाली होता. मी म्हटलं —

बिघडलाय.

लेक हसली. अगदी बाबांसारखं बोललीस, म्हणाली.

१० मार्च

दुपार. बाळ माझ्या मांडीवर झोपलं आहे. मी खिडकीशी, त्या खुर्चीत. लेक मागे आवरते आहे.

आज सांगणार. तोंडाने जमत नाही, म्हणून ही वहीच तिच्या हातात देणार. पहिल्या पानापासून वाच म्हणेन. वेडी म्हटलं तरी चालेल. बाळ घेऊन गेली तरी चालेल. हे म्हणाले ते मी म्हणायला नको होतं. तिला विचारलं तेव्हाच —

दार लोटलं तिने. वारा लागतोय बाळाला म्हणाली. हे दार मी आल्यापासून कधी लोटलं नव्हतं. मागे खुंटी आहे हे विसरूनच गेले होते. तिथे माझा कोट —

दारामागे हात फिरवला नाही मी. तिथे नाही बघितलं.

काहीतरी लाकडावर आपटलं. हलकंसं. पट्टा असतो त्याला —

नको म्हणायला वळते आहे, बाळ मांडीवर —

खट्.

ती हसते आहे. बिघडलाय म्हणे, वाजतोय की छान. खुंटीवरच तर होता आई. तुम्ही दोघी इतक्या गोड दिस —

हसणं थांबलं.

मी मान वर करत नाही. लिहिते आहे. लिहिते आहे तोवर —

बाळ उठलं. रडतंय. ती आवाजाकडे येते आहे. हात पुढे करून. टेबलाचा कोपरा लागला तिला. खुर्चीकडे बघते आहे. खुर्चीच्या पाठीकडे. आमच्यातून.

ठमे, म्हणते आहे. ठमे. मग —

आई, आहेस का